सव्वीस अंकांचा ताळा

आधी ही संख्या पाहा.

१८ ९४७ ६६८ १७७ ९९५ ४२६ ४६२ ७७३ ७३०

एकूण सव्वीस अंक आहेत. वाचायला सोपे जावे म्हणून मी उजवीकडून तीन-तीनचे गट पाडले आहेत. ही संख्या मी आतापर्यंत पन्नासएक वेळा तरी लिहिली असेन. त्यातली एक वेळ सोडली तर बाकी सगळ्या वेळी ती बरोबर होती. जी एक चुकली ती मात्र मोठ्या चार्टवर, पक्क्या मार्करने, सगळ्यांना दिसेल अशी. हा लेख त्या संख्येबद्दल आहे आणि त्या चुकीबद्दलही आहे.

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो, हे आपल्याला माहीत आहेच. दर वर्षी त्या दिवशी १७२९ या संख्येचा एक चार्ट असतोच असतो. या वेळी सरांनी मला एक चार्ट आणि पाच मिनिटांचे भाषण दिले, तेव्हा मी ठरवले की १७२९ ला थोडी सुट्टी द्यायची. आपण बेंगळुरूमध्ये राहतो, तर बेंगळुरूची एखादी संख्या शोधायची. ती मला शकुंतला देवींच्या गोष्टीत सापडली.

शकुंतला देवींचा जन्म ४ नोव्हेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला. वडील सर्कशीत काम करायचे. मुलगी तीन वर्षांची असताना तिला पत्त्यांचा खेळ शिकवताना त्यांच्या लक्षात आले की हिच्या डोक्यात आकडे बसतात ते हलत नाहीत. सहाव्या वर्षी तिने म्हैसूर विद्यापीठात आपली कला दाखवली. शाळेचे म्हणतात तसे शिक्षण तिला मिळालेच नाही. पुढे १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये तिथल्या संगणक विभागाने त्यांना तेरा-तेरा अंकी दोन संख्या दिल्या. कुठल्याही खास नाहीत, अशाच निवडलेल्या:

७ ६८६ ३६९ ७७४ ८७० आणि २ ४६५ ०९९ ७४५ ७७९

यांचा गुणाकार करायचा होता. शकुंतला देवींनी २८ सेकंदांत उत्तर सांगितले. ते उत्तर म्हणजे वर लिहिलेली सव्वीस अंकी संख्या. १९८२ च्या गिनीज बुकात या विक्रमाची नोंद झाली. प्रमाणपत्र मात्र २०२० मध्ये निघाले. शकुंतला देवी २१ एप्रिल २०१३ रोजी बेंगळुरूमध्येच वारल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते पाहायला मिळाले नाही.

ही संख्या वाचायची कशी, हा पहिला प्रश्न. आपण एकं, दहं, शतं करत कोटीपर्यंत जातो आणि मग अडखळतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावे आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपल्या संख्येला तीही नावे पुरत नाहीत. परार्धाच्या हिशेबात ती अठरा कोटी चौऱ्याण्णव लाख शहात्तर हजार सहाशे एक्याऐंशी परार्ध आणि वर आणखी बरेच काही, अशी होते. भाषणात हे वाक्य एका दमात म्हणण्याची मी तयारी केली होती आणि मला त्याचा फार अभिमान होता.

दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात असा आला की हे उत्तर बरोबर आहे हे मला कसे कळणार? पुस्तकात छापले आहे म्हणून? एका संध्याकाळी प्रेपमध्ये मी कागदावर सरळ गुणाकार करायला बसलो. तेरा अंकांना तेरा अंकांनी गुणायचे म्हणजे १३ × १३ = १६९ लहान गुणाकार, शिवाय हातचे, शिवाय तेरा ओळींची बेरीज. शकुंतला देवींच्या २८ सेकंदांत हे बसवले तर दर सेकंदाला सहा गुणाकार होतात. मला पाऊण तास लागला. उत्तर चुकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले, ते वेगळ्याच ठिकाणी चुकले. कागद चौकटीचा घ्यायला हवा होता, हे नंतर सुचले.

तेव्हा मला आजोबांचा ताळा आठवला.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. आजोबांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, पण पावकी, निमकी, दीडकी त्यांना आजही तोंडपाठ आहे. दुकानाच्या वहीत गुणाकार केला की ते बाजूला एक फुली काढून तिच्या चार कोपऱ्यांत चार आकडे लिहितात आणि म्हणतात, “ताळा जुळला, आता पैसे दे.” मी पाचवीत असताना त्यांनी मला ते शिकवले होते. समजा ४७ × ३५ = १६४५ केले. ४७ चे अंक मिळवा: ४ + ७ = ११, पुन्हा १ + १ = २. ३५ चे अंक मिळवा: ८. आता २ × ८ = १६, म्हणजे १ + ६ = ७. उत्तराचे अंक मिळवा: १ + ६ + ४ + ५ = १६, म्हणजे ७. दोन्हीकडे ७ आले, ताळा जुळला. याला नवांचा ताळा म्हणतात.

नवांचा का? कारण दहा म्हणजे ९ + १, शंभर म्हणजे ९९ + १, हजार म्हणजे ९९९ + १. प्रत्येकातून नवाच्या पटीतला भाग काढून टाकला की एकच उरतो. म्हणून ४६२ मधल्या चार शतकांतून ४ उरतात, सहा दशकांतून ६ उरतात आणि एककाचे २ तर आहेतच. म्हणजे संख्येला नवाने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही नवाने भागल्यावर उरते. आणि दोन संख्यांचा गुणाकार केला की बाक्यांचाही गुणाकार होतो. ४७ मध्ये ४५ नवाच्या पटीत आहेत, उरले २. ३५ मध्ये २७ नवाच्या पटीत, उरले ८. गुणाकारात नवाचा हात न लागलेला भाग फक्त २ × ८ एवढाच असतो. आजोबांना हे कारण माहीत आहे की नाही, मी कधी विचारले नाही. फुली मात्र ते न चुकता काढतात.

आता हाच ताळा आपल्या मोठ्या संख्येला लावू. पहिल्या तेरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ७८, म्हणजे १५, म्हणजे ६. दुसरीची ७४, म्हणजे ११, म्हणजे २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. उत्तराच्या सव्वीस अंकांची बेरीज १३८, म्हणजे १२, म्हणजे ३. जुळले! १६९ गुणाकारांचे काम दोन मिनिटांत झाले. मी चार्टवर संख्या मोठ्या अक्षरांत लिहिली, चार्टवरच पुन्हा बेरीज केली, १३८ च आली. वर्गात मी छाती काढून सांगितले की चार्ट तपासून झाला आहे, एकही अंक चुकलेला नाही.

चार्टच्या खालच्या भागात ‘या संख्येचे गुणधर्म’ असे लिहून मी यादी करायला घेतली. शेवटी शून्य आहे म्हणून २, ५ आणि १० ने भाग जातो. शेवटचे दोन अंक ३० आहेत म्हणून ४ ने जात नाही. अंकांची बेरीज १३८ ला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ९ ने जात नाही. मग अकराची कसोटी. उजवीकडून सुरुवात करून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे अंक मिळवायचे, सम स्थानांवरचे वेगळे मिळवायचे आणि वजाबाकी करायची. वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली तर अकराने भाग जातो. मी हे वहीतल्या संख्येवर केले. विषम स्थानांची बेरीज ६९ आली. सम स्थानांचीही ६९ आली!

मला इतका आनंद झाला की डॉर्मिटरीत दोघांना झोपेतून उठवून सांगितले. (त्यांना आनंद झाला नाही.) सव्वीस अंक बरोबर दोन सारख्या भागांत वाटले जातात, हे कुठल्या पुस्तकात मी वाचले नव्हते. ते मला माझ्या वहीत सापडले होते. अकरा आला कुठून, म्हणून मी मूळच्या दोन संख्या पाहिल्या. तो दुसऱ्या संख्येत लपला होता: तिच्या विषम स्थानांची बेरीज ३७, सम स्थानांचीही ३७. इथे एक सांगायला हवे. गुणाकाराला अकराने भाग जाणारच होता, ते दुसऱ्या संख्येमुळे पक्के होते. पण दोन्ही बेरजा अगदी सारख्या, ६९ आणि ६९ येणे, हा योगायोग. फरक ११ किंवा २२ आला असता तरी चालले असते.

म्हणजे या संख्येला २, ३, ५ आणि ११ ने भाग जातो. चौघांचा गुणाकार ३३०. संख्येला ३३० ने भागले की ५७ ४१७ १७६ २९६ ९५५ ८३७ ७६५ ९८१ उरतात. ही तेवीस अंकी संख्या आणखी कशाकशाने फुटते ते मी शोधत बसलो नाही, कारण तोपर्यंत वेगळेच संकट उभे राहिले.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी चार्ट लायब्ररीबाहेर टांगला होता. माझा एक वर्गमित्र बेळगावचा आहे. त्याला कोणी काही छातीठोकपणे सांगितले की तपासून पाहायची सवय आहे. तो चार्टसमोर उभा राहून बोटाने अंक मोजत होता. मग म्हणाला, “अकराने भाग जात नाही रे.”

मी म्हटले, “जातो. एकोणसत्तर, एकोणसत्तर.”

तो म्हणाला, “माझे एकाहत्तर आणि सदुसष्ट येतात.”

मी हसलो. मग स्वतः मोजले. एकाहत्तर आणि सदुसष्ट. वही आणून एकेक अंक लावून पाहिला. सातव्या गटात ४६२ च्या जागी चार्टवर ६४२ होते. वहीतून चार्टवर उतरवताना ४ आणि ६ यांची अदलाबदल झाली होती. नवांचा ताळा मी त्या चुकलेल्या संख्येवरच केला होता आणि तो जुळला होता.

जुळणारच. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. बेरीज कशी बदलणार? दुसऱ्या बाजूने पाहा. ६४२ − ४६२ = १८०, म्हणजे ९ × २०. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की होणारा फरक नेहमी नवाच्या पटीतच असतो. ४६ चे ६४ झाले, फरक १८. ३८ चे ८३ झाले, फरक ४५. अंक अ आणि ब असतील तर १०अ + ब आणि १०ब + अ यांतला फरक ९ × (अ − ब) एवढा. नवांचा ताळा नवाच्या पटीकडे पाहतच नाही, म्हणून ही चूक त्याला दिसत नाही. आणि हाताने लिहिताना ही चूक सहज होते. ‘०’ च्या जागी ‘९’ लिहिला तरी त्याला कळत नाही, पण ती चूक सहसा होत नाही.

अकरांचा ताळा ही चूक का पकडतो? दहा म्हणजे ११ − १. शंभर म्हणजे ९९ + १, आणि ९९ अकराच्या पटीत आहेत. हजार म्हणजे १००१ − १, आणि १००१ अकराच्या पटीत आहे. म्हणून उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा उणे, त्यापुढचा अधिक, असे करत जायचे. दोन शेजारी जागा बदलतात तेव्हा एक अधिकाचा उणे होतो आणि दुसरा उण्याचा अधिक. फरक होतो त्या दोन अंकांच्या वजाबाकीच्या दुप्पट. माझ्या चुकीत ६ − ४ = २, दुप्पट ४, आणि ७१ − ६७ बरोबर ४. दोन वेगळ्या अंकांची वजाबाकी १ ते ९ मध्येच असते. तिच्या दुपटीला अकराने कधीच भाग जात नाही. म्हणून शेजाऱ्यांची अदलाबदल अकरांच्या ताळ्यातून सुटूच शकत नाही. आजोबांचा छोटा गुणाकारच घ्या. ४७ साठी ७ − ४ = ३. ३५ साठी ५ − ३ = २. गुणाकार ६. उत्तर १६४५ साठी ५ − ४ + ६ − १ = ६. जुळले. कोणी १६५४ लिहिले तर नवांचा ताळा म्हणेल बरोबर; अकरांचा म्हणेल ४ − ५ + ६ − १ = ४, चूक.

आता चार्टचे काय करायचे, हा प्रश्न होता. पक्का मार्कर होता, नवीन चार्ट करायला वेळ नव्हता आणि सकाळी पाहुणे येणार होते. वर्गातला आणखी एक जण म्हणाला, “सव्वीस अंक कोण मोजणार आहे? राहू दे.” खरे सांगतो, मलाही अर्धा तास तसेच वाटत होते. चूक सांगायची म्हणजे छाती काढून बोललेले वाक्यही परत घ्यावे लागणार होते.

मग मला मॅप रीडिंगचा तास आठवला. सहा अंकी ग्रिड रेफरन्स आपण सगळ्यांनीच काढला आहे. पहिले तीन अंक पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे. पहिल्या तिघांतला पहिला अंक दहा-दहा किलोमीटरचा, दुसरा एकेक किलोमीटरचा, तिसरा शंभर-शंभर मीटरचा. कोणी ४६२ च्या जागी ६४२ सांगितले तर नकाशावरचा बिंदू १८० × १०० मीटर, म्हणजे १८ किलोमीटर पूर्वेला सरकतो. माझे बाबा तोफखान्यात आहेत. रविवारी फोनवर त्यांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडं एकानं आकडा सांगितला की दुसरा तो परत म्हणून दाखवतो. रोज. कंटाळा आला तरी.” पण तो फोन नंतरचा. त्या संध्याकाळी बाबा नव्हते, फक्त १८ किलोमीटर डोक्यात होते. मी सरांकडे गेलो.

सर रागावले नाहीत. त्यांनी चार्टकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले की नवांचा ताळा जुळला असताना तुला चूक कळली कशी. मी सांगितले, मला नाही कळली, त्याला कळली. ते म्हणाले, चुकलेल्या गटावर पांढऱ्या कागदाची पट्टी लाव, बरोबर अंक लिही, आणि उद्या पट्टी का लावली तेवढेच सांग. परार्धाचे वाक्य नाही म्हटलेस तरी चालेल.

(मी ते वाक्य म्हटलेच.)

आणखी एक ताळा सरांनी त्याच वेळी शिकवला, तो इथे देतो, कारण मोठ्या संख्यांना तोच सर्वांत सोयीचा आहे. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. संख्येचे उजवीकडून तीन-तीनचे गट करायचे आणि गटांनाच अधिक-उणे लावायचे. आपल्या उत्तरासाठी:

७३० − ७७३ + ४६२ − ४२६ + ९९५ − १७७ + ६६८ − ९४७ + १८ = ५५०

पहिल्या तेरा अंकी संख्येचे असेच केले तर उणे २१४ येतात, दुसरीचे उणे ३३०. उणे गुणिले उणे अधिक, २१४ × ३३० = ७०६२०. त्याचे दोन गट: ६२० − ७० = ५५०. जुळले. ७, ११ आणि १३ या तिघांचा ताळा एकदम झाला. चार्टवरच्या चुकीच्या संख्येला हेच केले असते तर ७३० आले असते. आणि ५५० ला ७ किंवा १३ ने भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही. ५५० ला अकराने मात्र जातो, तो तसाच दिसला पाहिजे होता आणि दिसतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ताळा जुळला नाही तर चूक नक्की आहे. ताळा जुळला तर उत्तर नक्की बरोबर, असे मात्र म्हणता येत नाही. कुठलाही भलताच आकडा लिहिला तरी नवांचा ताळा साधारण नवांतून एकदा जुळून जाईल, अकरांचा अकरांतून एकदा, १००१ चा हजारातून एकदा. अकरांच्या ताळ्याचीही एक आंधळी जागा आहे: एक अंक सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल. ४६२ चे २६४ झाले तर फरक १९८, म्हणजे ९ × २२, म्हणजेच ११ × १८. नऊ आणि अकरा दोघेही गप्प. १००१ चा ताळा ती चूक पकडतो. मी वर्गात ‘एकही अंक चुकलेला नाही’ म्हणालो, ते वाक्य म्हणून दोन्ही अर्थांनी चुकीचे होते.

भाषणानंतर एका पालकांनी विचारले की शकुंतला देवींनी अमेरिकेत याहून मोठी संख्या सोडवली होती ना? हो. १९७७ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत त्यांनी २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत काढले. उत्तर होते ५४६३७२८९१. युनिव्हॅक संगणकासाठी खास प्रोग्रॅम लिहून ते तपासले गेले. हे उत्तर नीट पाहा: १ ते ९ हे सगळे अंक त्यात एकेकदाच आले आहेत. त्यांची बेरीज ४५, म्हणून त्या नऊ अंकी संख्येला ९ ने भाग जातो, आणि २०१ अंकी संख्येला ९ ने एकामागोमाग निदान तेवीस वेळा भाग जातो. २०१ ला २३ ने भागले तर पावणेनऊच्या आसपास येतात, म्हणून मूळ नऊ अंकी असणार हे आधीच कळते. शेवटचा अंकही लगेच कळतो. घातांक चार-चारने वाढवला तर शेवटचा अंक तोच परत येतो. २३ मधून चाराचे पाच गट काढले की ३ उरतात, म्हणजे शेवटच्या अंकापुरते तेविसावे मूळ घनमुळासारखेच वागते. संख्येच्या शेवटी १ होता, तर मुळाच्या शेवटीही १. मधले अंक त्यांनी कसे काढले, ते त्याच जाणोत. १९८८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांची परीक्षा घेतली. ६१६२९८७५ चे घनमूळ ३९५ आणि १७०८५९३७५ चे सातवे मूळ १५, ही उत्तरे त्यांनी जेन्सन यांना प्रश्न वहीत उतरवून घेण्याआधीच दिली.

पालकांसाठी एक गंमत. तुमच्या आधार कार्डावरच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा ताळ्याचाच अंक आहे. तो व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने ठरतो, आणि एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले तर ती चूक लगेच उघडी पडते. जुन्या पुस्तकांच्या मागे दहा अंकी आयएसबीएन असतो, त्यात अकरांचा ताळा असतो. बाकी दहा आली तर अंकाऐवजी इंग्रजी एक्स हे अक्षर छापतात. लायब्ररीत शोधा, आपल्याकडे अशी चार पुस्तके मला मिळाली.

चार्ट अजून लायब्ररीबाहेर आहे. पट्टीचा रंग थोडा पिवळा पडला आहे, त्यामुळे ४६२ दुरूनही वेगळे दिसते. सहावी-सातवीचे कॅडेट येऊन विचारतात की इथे काय झाले होते. त्यांच्यासाठी हे कोडे. ४८६७ × ३५९ चे तिघांनी काढलेले उत्तर असे:

१७४७२५३
१७४२७५३
१७२७४५३

गुणाकार करायचा नाही. नवांच्या ताळ्याने तिघेही पास होतात. अकरांच्या ताळ्याने एक जण नापास होतो. उरलेल्या दोघांतला बरोबर कोण, ते १००१ ला विचारा.